ओसरीखालची जागा

मूल गावातलं आमचं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर इंग्रजांच्या काळातलं. ते पाडून स्लॅब टाकायचं ठरल्यापासून शेजारी रोज येतो. बसत मात्र नाही. अंगणात येरझारा घालतो, बोटात गाडीची चावी फिरवतो, मधेच मातीच्या भिंतीवर हात ठेवतो.

“पाडू नको भाऊ.”

मला वाटलं, जुन्या वस्तूंचं वेड असेल. काल विचारलंच, “तुले काऊन एवढी काळजी?”

चावी थांबली. “माझा आजा इथी दर पावसाळ्याआधी कवेलू फेराले येत होता. तुमच्या लोकायले तो छपरावर चालत होता, ओसरीवर नाई. पाणी इथीच, खाली उभं राहून, वरून ओंजळीत. पोट्ट्यायले सांगतो तर खरं वाटत नाई त्यायले. घर राह्यलं तर जागा तरी दाखवीन.”

मी ओसरीवर सरकून बसलो. “वर ये ना.”

चावी पुन्हा फिरू लागली, अंगणातच.