ओवलेल्या सुया

शेजारच्या मालतीकाकू गोधड्या शिवतात. नजर अधू झाल्यापासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून त्यांची सून कामावर जाण्याआधी दिवसभराच्या सुया ओवून डब्यातल्या छोट्या उशीला टोचून ठेवते.

आज सकाळी दोघींचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू आलं. दुपारी गेले, तर काकू शिवत बसल्या होत्या.

"आज सुया कुणी ओवल्या?"

"तिनंच. तोंडानं भांडत होती, हातानं ओवत होती. दोन जास्तच ओवल्यात, म्हणजे उशिरा येणार."

राग आला की मी सगळ्यात आधी समोरच्याचं काम टाकते. हिला ते सुचलंच नसेल, की सुचूनही जमलं नसेल?

काकूंनी गोधडी बाजूला सारली. "दमून येईल पोर. आज कुकर मीच लावते," म्हणत त्या उठल्या.