चारोळी भरलेली डबी

अंगण झाडून झालं होतं, तुरीची डाळ उन्हात पसरत होते, तेव्हा भाचीचा फोन आला. रंजू एटापल्लीकडे जंतांवरच्या संशोधनात तपासनीस आहे. जंताचं एक जुनं, मागे पडलेलं औषध आजही किती गुण देतं, हे ती मंडळी पाहतात. आमचे हे गेल्यापासून पेपरातलं आरोग्याचं पान मी रोज वाचते, पण डोळ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. "मावशी, ये ना पाह्यले," ती म्हणाली. डाळ शेजारणीवर सोपवून निघाले.

आमच्या मूलहून गडचिरोली, पुढे आष्टी, आलापल्लीवरून एटापल्ली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पाणी मात्र घरून भरपूर न्या. आलापल्लीला चहा-भजी झाली आणि सागाचं जंगल लागलं. उन्हाळ्यात साग उघडा असतो, तरी खोडं इतकी उंच, की वर पाहून मान दुखली.

सकाळी रंजूबरोबर एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर गेले. तिथली सुनी आठ-नऊ वर्षांची. चालताना धाप लागायची, पापण्या आतून पांढऱ्या, म्हणजे अंगात रक्त कमी. औषध देऊन तीन आठवडे झालेले. जंत गेले की नाही ते शौचाच्या नमुन्यातून कळणार होतं, आणि नमुन्याचा तो शेवटचा दिवस. रंजूने आदल्या दिवशी ठेवलेली डबी सुनीच्या आईने हसत परत दिली. आत काठोकाठ चारोळी.

रंजूने कपाळाला हात लावला. आई गोंधळली. "रिकामा डब्बा कसा वापस करू, बाई? अन् पाहुण्याले घान भरून देऊ काय?"

माझ्या घरूनही कुणाचं भांडं रिकामं जात नाही. मी चारोळी पदरात घेतली आणि नवी डबी तिच्या हातात दिली. "तुही चारोळी मले पोचली. आता घानच दे. पोरीचं त्याच्यातच कळते."

ती लाजली, मग सुनीला घेऊन झाडीमागे गेली.

दुपारी रंजूने आधी दुसऱ्या एका मुलाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. अंकुशकृमीचं अंडं. काचेसारखं पातळ कवच, आत चार पेशी. यातून निघालेली अळी अनवाणी पायातून शिरते, मोठी होऊन माणसाचं रक्त पिते, आणि अंडं किती नेटकं! मी पाहतच राहिले. मग सुनीची काच. रंजूने पाहिली, नंतर दुसऱ्या तपासनिसाने, रंजूला काय दिसलं ते न विचारता. एकही अंडं नाही. एका पोरीवरून औषधाचं काही ठरत नाही, असं रंजू म्हणाली. तरी आम्ही लगेच टोल्यावर सांगायला गेलो. आई सुनीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

परतीच्या बसआधी रंजूने माझीच पापणी खाली ओढून पाहिली. "मावशी, तू बी धानाच्या रोवण्याले अनवाणीच उतरतेस नं?"

हे गेल्यापासून चार पायऱ्या चढल्या तरी मला बसावं लागतं. ते दुःखच, असं मी धरून चालले होते. दुःख आहेच, पण सगळा थकवा त्याचाच असेल असं नाही.

घरी पोचले. दुसऱ्या दिवशी मूलच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासायला दिलं.