रिकामा न आलेला डबा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास बसला नाही. शिक्षण चौथीपर्यंत, आणि चारचौघांत बोलायची लाज वाटते... म्हणून हे नुसतं लिहून ठेवतेय.

आमचं घर गोव्यात, मयेला. माझे यजमान खनिजाच्या बार्जवर कामाला होते. शनिवारी मुरगावहून आले की फाटक करकरायचं, पायरीवर चपला पडायच्या आणि हाक यायची, "आयलों गो, च्या दवर!" आलो, चहा ठेव, म्हणून. एका शनिवारी ते आलेच नाहीत. पाण्यात पडले, असं बार्जवरचे लोक म्हणाले. खूप शोधलं... सापडले नाहीत.

मुलगी शिल्पा पणजीच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. तिच्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे. तिने कमांड दिली की त्यातलं सगळं लांबच्या चार सर्व्हरवर आपोआप पोचतं.

"म्हणजे चवथीच्या नेवऱ्या-करंज्या चार घरी वाटतो तसं?" मी विचारलं.

"तसंच. फक्त शेजाऱ्यांच्या डब्यात आधीचं काही असलं तर ते फेकून!"

एका दुपारी तिने मला घाबरून हाक मारली. एका सर्व्हरवर तिने न पाठवलेली फाईल होती – आवाजाची. लावली... बार्जचं इंजिन, आणि त्यावर यजमानांचा खोकला. त्यांचाच.

"आई, बाबांचं रेकॉर्डिंग आपण कधी केलंच नव्हतं गो!"

ती फाईल इथे उतरवून घेतली तर नुसती शांतता. पुढची कमांड दिली की ती पुसली जाणार, पण कंपनीचं काम अडवता येईना. या फाईलला हात लावू नको, अशी सूचना घालून शिल्पाने कमांड दिली. तरी फाईल गेली... आणि दुसऱ्या सर्व्हरवर निघाली. आता तिच्यात बस होती, कंडक्टर "डिचोली, डिचोली" ओरडत होता – आमच्या मयेच्या वाटेवरचं गाव. पुढच्या खेपेला तिसऱ्यावर – मातीत चपलांचा आवाज.

मी रोज विचारू लागले, "आज खंय पावले गो ते?" कुठवर पोचले, म्हणून.

मग एक दिवस चारही सर्व्हरवर काहीच नाही. शिल्पा रडायला लागली. "संपलं, आई. इथून फक्त तिकडे जातं. तिकडचं इकडे काही येत नाही."

"चवथीचा डबा कोण रिकामा परत करतं? चिमूटभर साखर तरी घालतातच. तुझ्याच फोल्डरात बघ."

"तसं होत नाही गो..." म्हणत तिने उघडलं. होती.

लावली... आमचं फाटक करकरलं. पायरीवर चपला पडल्या. मग काही नाही.

शिल्पाने ती फाईल लगेच फोल्डराबाहेर काढून ठेवली, नाहीतर पुन्हा चारी वाटांना गेली असती. ही कुठून आली, ते तिला आजवर कळलेलं नाही. मला तर त्यातलं काहीच कळत नाही. शनिवारी मी ती लावायला सांगते. हाक यायच्या आधीच संपते ती...

म्हणून आता मी न सांगताच चहा ठेवते.