रिह्याच्या वाचनालयात पसरलेलं खोरं

मुळशी तालुक्यातल्या रिहे गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल शुभांगी ढमाले. नकाशा दिसला की तिला राहवत नाही. बघायला आलेल्या शैलेशला तिने आधी त्याच्या गावाचा नकाशा काढायला लावला होता. त्याने ओढा चक्क डोंगरावर चढवला. तरी लग्न झालं.

गेल्या वर्षी तिने ठरवलं, की मुळशीतल्या वाचनालयांनी आपापले नकाशे एकत्र करायचे आणि स्कॅन करून इंटरनेटवर सगळ्यांना खुले करायचे. रिह्याकडे आपल्या खोऱ्याच्या जुन्या नकाशाचा वरचाच भाग उरला होता. खालचा वाळवीने फस्त केला होता. लवळ्याच्या एका कॉलेजातली ग्रंथपाल जान्हवी फोनवर म्हणाली, "अगं, आमच्याकडे नेमका खालचाच आहे!" शुभांगीने कपाटाभोवती गिरकीच घेतली.

रविवारी वाचनालयात दोन्ही भाग जमिनीवर अंथरले. नदीची रेघ रेघेला मिळाली. "जुळलं गं, जुळलं!" दोघींनी मिठी मारली. बघता बघता गाव लोटलं.

"नदीत पाय देऊ नका!" शुभांगी ओरडत होती.

एवढ्यात म्हाताऱ्या रंभाबाईंना खोऱ्याच्या पल्याडच्या टोकाचं आपलं माहेर नकाशात सापडलं. त्या तिथंच मांडी घालून बसल्या. "लई वर्सांनी माहेरी आलेय. च्या पाजा, मगच उठन."

"चहा नकाशाबाहेर!" शुभांगी किंचाळली. शेवटी दोघींनी रंभाबाईंना हाताला धरून उंबऱ्यापाशी नेलं आणि तिथं कपबशी दिली.

दोन्ही भाग स्कॅन करून जान्हवीने ते इंटरनेटवरच्या, कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर बसवले आणि प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवले. तिथं एका ओढ्याला नावच नव्हतं.

"त्यो भुताचा ओढा हाय," शेतकरी कोंडाजी म्हणाले.

"न्हाई! नवरीचा ओढा हाय त्यो," रंभाबाई कडाडल्या. "आमच्या म्हायेरच्या अंगाला त्येच म्हनत्यात."

निम्मं गाव इकडं, निम्मं तिकडं. जान्हवीला हसू आवरेना. "अहो, दोन्ही नावं देता येतात!" तिने दोन्ही टाकली. भिंतीवर ती शेजारी शेजारी उमटली.

"भुताचं अन् नवरीचं लगीन लागलं!" कोंडाजींनी हातातल्या भेळेतले चुरमुरे अक्षतांसारखे उधळले. मग काय, सगळ्यांनीच उधळले. शुभांगी हसून हसून खाली बसली. केसांत चुरमुरे, डोळ्यांत पाणी.

आता इतर गावंही सामील होतायत. परवा ताम्हिणीहून फोन आला, "पेटीत नकाशे सापडलेत." पुढचं ऐकायला शुभांगी थांबलीच नाही. स्कूटर फाट्याला लागली तेव्हा शैलेश मागून धावत होता, "अगं, हेल्मेट तरी घाल!"