बुटाच्या बाई

आमच्या ड्रिलच्या बाई पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि तशाच भर बाजारातून चालत जायच्या. सोलापुरात तेव्हा बायका चपला घालत, फार तर सँडल. बूट पोलिसांनी घालायचे, नाहीतर मुलांनी. त्यामुळे बाईंचं खरं नाव शाळेबाहेर कुणी घेतलंच नाही, साऱ्या पेठेत त्या 'बुटाच्या बाई'. एकदा भाजीच्या गाड्यावरून कुणीतरी ओरडलं, "बूटवाली आली रे!" बाई वळल्या, त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आले. काय काम होतं?" त्याला काहीच काम नव्हतं. बाईंनी त्याच्याकडून अर्धा किलो वांगी घेतली आणि पुढे दर आठवड्याला त्याच्याचकडून घेत राहिल्या. तो बिचारा मान खाली घालून वजन करायचा.

बाई मूळच्या मंद्रूपच्या. वडिलांचं धान्याचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी. मुलगी हुशार म्हणून तिला मामांकडे धारवाडला कॉलेजात पाठवलं आणि तिथे तिने पहिल्यांदा टेनिस पाहिलं. प्राध्यापकांच्या मुली खेळायच्या, बाई कुंपणाबाहेर उभ्या राहायच्या. "एक दिवस त्यांच्यातल्या एकीला ताप आला आणि चौथी मिळेना," बाई सांगायच्या. "त्या पोरीच्या तापावर माझं सगळं उभं आहे." पुढे त्या विद्यापीठाकडून खेळल्या, हुबळी, बेळगाव, मद्रासपर्यंत जाऊन आल्या. मध्येच वडिलांनी लग्नासाठी बोलावून घेतलं. बघायला आलेल्या पाहुण्यांचं उप्पीट खाऊन झाल्यावर बाईंनीच विचारलं, "तुमच्या गावात कोर्ट आहे का?" पाहुण्यांना वाटलं, पोरीला कोर्टकचेरीची आवड दिसते. ते गेले ते पुन्हा आले नाहीत. मंद्रुपात ही गोष्ट इतकी पसरली की पुढे कुणी आलंच नाही.

मग एका सामन्यात त्यांचा उजवा खांदा निखळला आणि नीट बसलाच नाही. हात डोक्याच्या वर जाईना. ऐन उमेदीत खेळ संपला. वडील म्हणाले, "सुटलीस एकदाची." बाई पुढच्याच महिन्यात ड्रिल शिक्षिकेचा कोर्स करायला निघून गेल्या आणि तो संपवून आमच्या मुलींच्या शाळेत आल्या. टेनिसमधली सर्व्हिस हात डोक्यावर नेऊन करायची असते, पण आम्हाला त्या खालूनच चेंडू टाकायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझी सर्व्हिस गेली. आता ती तुमच्या खांद्यात ठेवायची आहे."

गावात टेनिसचा एक क्लब होता, साहेबलोकांचा. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. तेवढा वेळ कोर्ट द्या म्हणून बाई सेक्रेटरींना भेटल्या. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "तुम्ही अवश्य या. पण या मुली... म्हणजे सभासदांना ते बरं वाटणार नाही." या मुली म्हणजे आम्ही. कुणाची आई विड्या वळायची, कुणाचे वडील गिरणीत, कुणाचे मागावर. बाई चहा अर्धा टाकून उठल्या. दुसऱ्या दिवसापासून आमची कवायत बंद झाली आणि शाळेमागच्या माळावर दगड वेचणं सुरू झालं. दगड गेले, बाभळीची खोडं गेली, कुणाच्या तरी बैलगाडीतून मुरूम आला. जाळं विकत मिळेना, तेव्हा बाई तलावावर मासे धरणाऱ्यांकडे गेल्या. त्यातला म्हातारा मापं ऐकून हसला, "बाई, ह्यात मासा न्हाय थांबायचा की!" बाई म्हणाल्या, "चेंडू थांबला तरी पुरे."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शाळेत प्यायला पाणी नव्हतं, तिथे कोर्टावर शिंपडायचं कुठून? दोन पावलं पळालं की धुळीचा लोट उठायचा. "बाई, चेंडू दिसत नाही," आम्ही तक्रार केली. "दिसत नाही तर ऐका," बाई म्हणाल्या. एरवी मात्र त्यांचं सगळं शिकवणं दोन शब्दांत होतं, "चेंडू नोडू!" कानडीत नोडू म्हणजे बघ. माळावरून ही हाक दिवसभर यायची. आमच्या घरी तेलुगू, आमच्यातल्या शमीमच्या घरी दखनी, पण 'चेंडू नोडू' आम्हा सगळ्यांची एकच भाषा झाली.

दहावीच्या आधी अम्मानं माझं खेळणं बंद केलं. शाळा सुटल्यावर विड्या वळायला तिला माझे हात हवे होते. बाई तिसऱ्या दिवशी घरी आल्या. अम्मा ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसली होती. बाई तिच्यासमोर बसल्या, पान घेतलं, तंबाखू भरली आणि विडी वळायला लागल्या. अम्मानं ती पाहिली आणि फेकून दिली. बाईंनी दुसरी वळली, तीही गेली.

"तुमच्यानं न्हाय व्हायचं, बाई," अम्मा म्हणाली.

"आज नाही होणार. रोज आले तर होईल. तुमच्या पोरीचं पण तसंच आहे."

"खेळून पोट भरतंय का?"

"नाही भरत. पण पोट भरलेल्यांनीच खेळायचं, असं कुणी ठरवलं?"

अम्मानं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं बाईंच्या हातातलं पान काढून घेतलं. "पानं वाया घालवू नका. घेऊन जावा तिला. सहाला परत पाहिजे." बाई उठल्या. शब्दाला इतक्या पक्क्या, की सहाच्या आत मला घराच्या कोपऱ्यापर्यंत पळत आणून सोडायच्या, तेही व्यायाम म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात क्लबानं जिल्ह्यातल्या सगळ्यांसाठी सामने जाहीर केले. 'सगळ्यांसाठी' हा शब्द बाईंनी खरा धरला आणि आमची नावं दिली. स्कर्ट घालायला आमच्या कुणाच्याच घरून परवानगी नव्हती. बाईंनी मांजरपाट आणून पांढरे परकर शिवले. सामन्याच्या दिवशी सेक्रेटरी फाटकातच आडवे आले.

"या पोशाखात खेळता येणार नाही."

"नियम काय आहे?" बाईंनी विचारलं.

"पांढरा पोशाख हवा."

"हा कोणता रंग आहे?"

"अहो, पण परकरात पळता येत नाही!"

"मग ती हरेल. तुमचं काय जातं?"

मागे गर्दी जमायला लागली, तसे ते बाजूला झाले.

मी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. समोर एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी होती, पुण्याला शिकून आलेली. रेषेवर उभा राहिलेला माणूस क्लबाचा. माझा चेंडू रेषेच्या आसपास पडला की तो हात वर करायचा. बाहेर! पहिला सेट गेला. बाजू बदलताना बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"रडू येतंय?"

"हो."

"मग रडत खेळ. पण रेषेवर मारू नकोस. हातभर आत मार. इतक्या आत पडलेल्याला बाहेर म्हणायला त्यालाही लाज वाटेल."

आत मारायचं म्हणजे समोरचीला प्रत्येक चेंडू परत करता येणार, आणि मला दुप्पट पळावं लागणार. मी पळाले. परकर खोचून पळाले. ऊन चढत गेलं, आणि उन्हात खेळायची सवय तिला नव्हती, मला होती. मी जिंकले तेव्हा माळावरच्या आमच्या पोरी कुंपणाला लटकून ओरडत होत्या. ती मुलगी जाळ्याशी आली, माझा हात धरून म्हणाली, "तुझे मघाचे चेंडू आत होते." ते तिनं मोठ्यानं म्हटलं, रेषेवरच्या माणसाला ऐकू जाईल असं.

बक्षीस देताना सेक्रेटरींनी भाषण केलं. क्लबानं अशा मुलींना कसा हात दिला, कशी संधी दिली. बाई मागच्या रांगेत उठून उभ्या राहिल्या. "क्लबानं आम्हाला कोर्ट नाकारलं होतं, साहेब. आम्ही आमचं केलं. एवढं दुरुस्त करा." सेक्रेटरींनी ते दुरुस्त केलं नाही, भाषण तेवढं आवरलं.

आमच्या शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ त्या क्लबाचे सभासद होते. आठवड्याभरात बाईंना बोलावणं आलं. माळावर नवे वर्ग बांधायचे घाटत होते. मात्र बाईंनी लेखी माफी मागितली तर बांधकाम दुसऱ्या बाजूला नेता येईल, असं त्यांना सांगण्यात आलं. "मी बोलले ते खोटं होतं का?" बाईंनी विचारलं. खोटं होतं असं कुणीच म्हणालं नाही. माफी तेवढी हवी होती.

त्या दिवशी बाईंनी आम्हाला खेळायला लावलं नाही. जाळ्याजवळ बसवून सगळं सांगितलं. "कोर्ट माझं एकटीचं नाही. दगड तुम्ही वेचलेत. माफी मागितली तर राहील, नाही मागितली तर जाईल. तुम्ही सांगाल ते करीन."

शमीम आमच्यात सगळ्यात लहान. तिला नुकतीच खरी रॅकेट मिळाली होती, तोवर ती लाकडी फळीनं खेळायची. तीच म्हणाली, "नक्को, बाई. माफी बिल्कुल नक्को." मग आम्ही सगळ्याच म्हणालो. बाईंनी तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढ्या एकदाच पाहिलं. उन्हाळ्यात कोर्टावर पाया खणला गेला आणि बाईंनी राजीनामा दिला.

वैरागच्या शाळेत त्यांना जागा मिळाली. लोक हसले, वैरागला ज्वारी पिकते, तिथे टेनिस कुठून यायचं? बाई म्हणाल्या, "ज्वारी पण कुणीतरी पेरल्यावरच आली." मी कॉलेजात गेल्यावर एका शनिवारी एस.टी.नं त्यांना भेटायला गेले. शाळेशेजारी खळ्यासारखी चोपून काढलेली जमीन, मध्ये जाळं आणि दोन्ही बाजूंना पोरी. बाई वाळल्या होत्या, आवाज मात्र तोच. मला बसायलाही न सांगता त्यांनी एका काटक पोरीला हाक मारली. ती जवळ येऊन मला न्याहाळत म्हणाली, "सोलापूरच्या ताई तुमीच व्हय? बाई म्हनत्यात, तुमी लई पळता." आम्ही खेळलो आणि तिनं मला हरवलं. बाई तिला म्हणाल्या, "हुरळू नकोस. हिचा बॅकहँड मीच बिघडवलाय." मला एस.टी.त बसवताना म्हणाल्या, "नुसती भेटायला येऊ नकोस. शिकवायला ये."

मी दर शनिवारी जायला लागले. बाईंनी कावीळ 'नुसता थकवा आहे' म्हणत अंगावर काढली, ते मला कळलं तेव्हा त्यांना बार्शीच्या दवाखान्यात हलवलं होतं. एका शनिवारी मी वैरागला उतरले, तर हेडमास्तर स्टँडवर उभे होते. बाई आदल्या दिवशी गेल्या होत्या. भावांनी त्यांना मंद्रूपला नेलं होतं, माती देऊनही झाली होती.

शाळेपर्यंत आम्ही चालत गेलो. पोरी कोर्टाच्या कडेला ओळीनं बसल्या होत्या. डोळे सुजलेले, तरी रॅकेटी घेऊन आलेल्या. हेडमास्तर हलकेच म्हणाले, "आज नको ताई. गावात बरं दिसणार नाही. चार दिवस जाऊ देत."

"नाही दिसणार," मी म्हटलं. "पण खेळणार."

ते झाडाखाली जाऊन बसले, गेले नाहीत. मी त्या काटक पोरीला उभं केलं. तिनं चेंडू वर टाकला, रडत रडतच मारला. तो जाळ्यात गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दुसरी सर्व्हिस मार," मी म्हटलं.