रंजनाताई आणि रिकामा रकाना

रंजनाताई गायकवाड कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम मोठ्यानं वाचत. पुटपुटत नव्हे, वर्गात धडा वाचावा तसा. भिवंडीतल्या आमच्या ऑफिसात चार माणसं आणि चार कॉम्प्युटर होते. खालच्या मजल्यावर लूम चालत, त्यामुळे त्यांना आवाज चढवावाच लागे. माझी पहिली फाइल त्यांनी अशीच वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

"अरे प्रकाश, हे तूच वाच बघू."

मला वाचता येईना. लिहिलं मात्र मीच होतं.

"मग चालतं ते नशिबानं," त्या म्हणाल्या आणि फाइल बंद केली.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. वडप्याच्या भोईरशेठच्या गोदामांसाठी आम्ही वेब पेजेस करत होतो: कोणता माल आला, कोणत्या गोदामात जायचा. पेजचा साचा म्हणजे खरं तर कोरा फॉर्म. माहिती कॉम्प्युटर भरतो. पण माझ्यासारखे लोक त्या साच्यातच अख्खा जावा प्रोग्रॅम कोंबत. लग्नपत्रिकेत आचाऱ्याची यादीही छापावी, तसा प्रकार. त्यावर उपाय म्हणून तयार टॅगची, म्हणजे पेजमध्ये नुसत्या बसवायच्या आज्ञांची, लायब्ररी आली होती आणि तिच्यासोबत एक छोटी भाषा. डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत 'माल', टिंब, 'गोदाम'. अर्थ एवढाच की या मालाचं गोदाम इथं दाखव. ताईंना ती भाषा पहिल्या दिवशीच आवडली, कारण ती मोठ्यानं वाचता येत होती.

"पानानं विचार करायचा नाही. पानानं दाखवायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या साहेबांच्या कार्डावर 'मुख्य तंत्रज्ञान अधिकारी' असं छापलेलं होतं. बाकीच्या तिघांचं मुख्य असणं एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी भोईरशेठसमोर या बदलाला क्रांती म्हटलं. ताई शेजारी बसल्या होत्या. "क्रांती कसली, साहेब? पसारा आवरलाय."

त्या अकलोलीहून एसटीनं येत. आधी दहा वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होत्या. कॉम्प्युटरची पदवी नव्हती, आणि ती नसल्याचा संकोचही नव्हता. "मशीन बरं चाललंय की नाही, ते आवाजावरून नाही कळत," त्या म्हणत, "बाहेर आलेल्या कागदावरून कळतं." हे वाक्य त्या स्वतःच एकदा विसरल्या, आणि तेव्हाच मला त्या खऱ्या कळल्या.

दोन महिन्यांत त्यांनी भोईरशेठची सगळी पेजेस नव्यानं लिहिली. स्वच्छ, वाचावीशी वाटणारी. महिनाभरात वडप्याहून फोन आला. फिनाइलचे कॅन बिस्किटांच्या गोदामात उतरले होते. एक कॅन फुटला होता आणि बिस्किटवाल्या कंपनीनं माल नाकारला होता. भोईरशेठ दुपारीच ऑफिसात येऊन उभे राहिले.

"कोनाची चूक, ते मना लेखी पायजे. आमचा वॉचमन असंल तर आजच घालवतो. तुमचा मानूस असंल तर तो पुन्हा माझ्या कामाला हात लावनार न्हाय."

शेठमागं दार लागण्याआधीच साहेबांनी पत्राचा मसुदा सांगायला सुरुवात केली: गेटवरील कर्मचाऱ्याने माहितीचा चुकीचा अर्थ लावला. ताईंनी तो पूर्ण होऊ दिला, कागद हातात घेतला, सवयीनं मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "त्यानं काय अर्थ लावला, ते आधी विचारून येते." मलाही सोबत नेलं.

गेटवरचा वॉचमन यादव गेली बारा वर्षं तिथं होता. गावाकडं घर चालत होतं ते याच नोकरीवर. त्यानं स्क्रीनवर तो दिवस काढून दाखवला. बिस्किटं, गोदाम सात. त्याखाली फिनाइल, आणि गोदामाचा रकाना रिकामा.

"हे रिकामं आहे, भैया. मग सातमध्ये का पाठवलं?"

यादवनं आधी ताईंकडं, मग माझ्याकडं पाहिलं. आम्ही थट्टा तर करत नाही ना, अशा नजरेनं. "ताई, खाली है मतलब ऊपरवाला गोदामच ना?" त्यानं टेबलाखालून जुनं रजिस्टर काढलं. पानं उलटत गेला. प्रत्येक पानावर तेच. मुनीम एकदा आकडा लिहायचा आणि तोच खाली चालू असला की रकाना मोकळा सोडायचा. वडप्याच्या गेटांवर सगळीकडं हीच पद्धत.

ताई रजिस्टर बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या.

कॉम्प्युटरच्या बाजूनं झालं होतं ते असं. फिनाइलचं गोदाम त्या दिवशी ठरलंच नव्हतं. माझ्या जुन्या गिचमिड पेजवर अशा वेळी 'नल' असा विचित्र इंग्रजी शब्द उमटे. तो वाचून यादव फोन करी, "ये क्या आ गया?" ताईंच्या नव्या भाषेला मात्र रकान्यात भरायचं मूल्य सापडलं नाही की ती काहीच छापत नाही. निमूटपणे जागा कोरी ठेवते.

"मी लिहिलेलं शंभरदा वाचलं," त्या म्हणाल्या, "छापून आलेलं एकदाही नाही."

परतताना मी सुचवलं, की दोष त्या भाषेवर ढकलता येईल. ती तर पत्र वाचणार नाही.

"भाषेला सांगितलं तसं तिनं केलं. यादवनं दिसलं तसं वाचलं. उरलं कोण?"

त्यांनी पत्र स्वतः लिहिलं, तीन ओळींचं. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतःचं नाव घालताय! वॉचमन दुसऱ्या गेटवर लागेल कुठंतरी."

"मीही लागेन कुठंतरी," ताई म्हणाल्या. "आणि साहेब, चूक माझीच हाय. त्याची न्हाय." गावची बोली त्यांच्या तोंडी ऑफिसात मी तेवढी एकदाच ऐकली.

भोईरशेठ शब्दाला पक्के निघाले. यादव राहिला. ताईंना त्या कामावरून काढण्यात आलं, आणि ऑफिसात दुसरं मोठं काम नसल्यानं महिनाअखेरीस त्या कल्याणला एका क्लासमध्ये शिकवायला गेल्या. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी मला शेजारी बसवून एकेक फाइल उघडली. छापणाऱ्या टॅगला मूल्य सापडलं नाही तर काय छापायचं, हे सांगायची सोय होतीच. आम्ही कुणी ती वापरली नव्हती. प्रत्येक ठिकाणी त्यांनी मला वाक्य लिहायला लावलं आणि प्रत्येक पेज उघडून मोठ्यानं वाचायला लावलं. वाक्य एकच होतं: 'ठरलेलं नाही, शेठना विचारा.'

त्या गेल्यावर तीन दिवसांनी भोईरशेठचा फोन आला.

"तुमच्या बाईनं काय लिवून ठेवलंय? सकालधरनं फोन वाजतोय! हा माल कुठं, तो माल कुठं..."

"काढून टाकू का, शेठ?"



"नको," ते म्हणाले. "इतक्या मालाचं गोदाम मीच ठरवलेलं नसतं, ते मना तरी कुठं म्हाईत व्हतं? ऱ्हाऊ दे. आन् त्या बाईंचा नंबर दे."