दीड किलोची मुकादम

घरात दीड किलोचं माणूस आलं की किस्से मात्र पोत्यानं जमतात. सांगायला बसलो की बायको म्हणते, "पुरे, चहा गार झाला."

आमची नात सातव्या महिन्यातच बाहेर पडली. महिनाभर दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिली आणि मग सोलापूरला आमच्या घरी, म्हणजे तिच्या आईच्या माहेरी आली. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "दर दोन तासांनी दूध. झोपली असली तरी उठवून. तीन आठवड्यांनी वजन करू. दोन किलो भरलं नाही तर परत इथंच ठेवावं लागेल."

पेटीचं नाव निघालं की आमची लेक अश्विनी पांढरीफटक पडायची. मी म्हणालो, "पोरी, दोन किलो म्हणजे दोन किलो. भरूनच दाखवू."

बारसं झालं नव्हतं, म्हणून मी नातीला मुकादम म्हणायला लागलो. राबणारे सगळे आम्ही, आणि लक्ष ठेवणार ती.

*

मी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवले. वेळापत्रक मला काय नवीन? भिंतीवर कागद डकवला : रात्रीची पाळी अश्विनी, सकाळची पाळी मी, दुपारची पाळी शांता. शांता म्हणजे माझी बायको.

शेजारची रेखा डबा परत द्यायला आली. कागद वाचून पदर तोंडाला लावून म्हणाली, "काकूंचं एक ऱ्हाऊ द्या. पण काकांना बी पाळी?"

शांतानं कागद टराटरा फाडला. नव्या कागदावर मी 'ड्युटी' लिहिलं.

*

दूध बोंडल्यानं पाजायचं, म्हणजे चोच असलेल्या इवल्याशा वाटीनं. मुकादम चार घोट घ्यायची आणि खुशाल झोपायची. शांता तिला उठवू देईना.

"झोपलेल्या लेकराला हात लावू नये. मी चार पोरं वाढवली, एकाला कदी उठवलं न्हाय."

"म्हणून तर तुझी पोरं अजून दहाला उठतात."

अश्विनी महिन्याभरात पहिल्यांदा हसली. तेवढ्यात मी मुकादमच्या तळव्याला हळूच टिचकी मारली. तिनं एक डोळा उघडला, माझ्याकडं रागानं बघितलं आणि पुढचा घोट घेतला. कारखान्यात मागाखाली झोपणाऱ्यांचे तळवे मीच खाजवायचो. तेव्हा शिव्या खाल्ल्या. आता डॉक्टर म्हणतात, काका, तुम्हाला बरोबर जमतं.

*

बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, त्याला दवाखान्यात कांगारू म्हणतात. आमचे जावई टेंभुर्णीहून रविवारी यायचे. सासूसमोर शर्ट काढायचा म्हणजे त्यांना फाशीच. शेवटी शांता स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं, तेव्हा ते कांगारू झाले.

नेमका त्यांच्या आईचा मंगळवेढ्याहून व्हिडिओ कॉल आला. पोरगा उघडा, वर चादर, कपाळाला घाम.

"काय झालं रं तुला?"

"काय न्हाय आई, कांगारू करतोय."

फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मंगळवेढ्यात बातमी पसरली की सासरी गेलेल्या पोराला कांगारू लागलंय. दुसऱ्या दिवशी एसटीनं उताऱ्याचं लिंबू आलं. मी त्याचं सरबत केलं.

*

बाळाला बघायला येणाऱ्यांसाठी मी दारातच साबण घेऊन उभा. अक्कलकोटची मावशी भडकली. "मी बाळ बघायला आलेय, जेवायला न्हाय. हात कशाला धुवू?"

"मग जेवूनच जा की मावशी."

हात धुतले, भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, वर ताकही प्याली. तोवर मुकादमचं दूध पिऊन झालं आणि ती झोपली. मावशी एसटीत बसल्यावर तिला आठवलं की बाळ बघायचं राहिलंच.

*

तीन आठवडे झाले. मुकादमला घेऊन शांता दवाखान्यात पुढं, मागं अश्विनी आणि मी. सिस्टरनं कपडे काढून काट्यावर ठेवली. ती केकाटायला लागली. आकडा आला एक हजार नऊशे ऐंशी.

वीस ग्रॅम कमी. अश्विनी मटकन बाकावर बसली.

शांता डॉक्टरांना म्हणाली, "दूध देऊन दीड तास झालाय. आता पाजते, परत काटा लावा."

"तसं नसतं आजी. वजन दूध द्यायच्या आधीचं धरतात."

"का? पोटातलं दूध काय परक्याचं हाय व्हय?"

डॉक्टर हसायला लागले. तेवढ्यात हिनं पिशवीतून बोंडलं आणि दुधाची बाटली काढली आणि तिथंच मांडी घातली. मुकादम पीत होती आणि आम्ही सगळे तिच्या गळ्याकडं बघत होतो. बाहेर नंबर लावून बसलेल्या दोन बायाही आत येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी कुणालाच हाकललं नाही.

परत काटा. एक हजार नऊशे नव्वद. दोन हजार. दोन हजार पाच.

डॉक्टर चष्मा शोधायला लागले, तशी शांता कडाडली, "चष्मा मागनं घाला, डॉक्टर. आधी आकडा लिवा. पोरगी आता मुतंल."